सोळा आठवड्यांचा घाट

सोमवार, ३ नोव्हेंबर

कोचबाईंनी आज प्रत्येकाच्या हातात एक वही ठेवली. रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी पल्स किती, झोप किती, मनःस्थिती कशी, एवढं लिहायचं. पहिल्या दोन रकान्यांचं समजू शकतो. मनःस्थितीच्या रकान्यात काय लिहितात हे छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला कुठून कळणार? मी लिहिलं, 'चालू'. कोचबाई हसल्या. म्हणाल्या, "काका, जरा सविस्तर लिहा की." म्हणून ही दुसरी वही. ही त्यांना दाखवायची नाही.

वर्ग छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये आहे. आठजण, दोन रांगा. आपापली सायकल आणायची, मागचं चाक काढायचं आणि ती ट्रेनरच्या स्टँडवर चढवायची. मग पेडल मारत बसा, जाणार कुठेही नाही. समोर छोटी स्क्रीन. तिच्यावर किती वॅट जोर लावताय, पाय मिनिटाला किती वेळा फिरतायत आणि छातीला बांधलेल्या पट्ट्यावरून पल्स किती, ते सगळं दिसतं. खालून छापखान्याची धडधड. साठीच्या आतल्यांना प्रवेश नाही. मी सहासष्ट. सगळ्यांत वडील मास्तर, एकाहत्तर, शाळेत गणित शिकवायचे. त्यांचा स्टँड माझ्या शेजारी.

सोळा आठवडे असं घाम गाळायचं आणि २२ फेब्रुवारीला सगळ्यांनी मिळून घाट चढायचा. माझं त्या घाटाशी वैर आहे. गेल्या वर्षी सातव्या वळणावर उतरून सायकल ढकलत होतो, तर कॅरिअरला भाजीची पिशवी अडकवलेली एक बाई शेजारून वर निघून गेली. जाताना "दमलात का हो?" असं विचारूनसुद्धा गेली. ते वाक्य वर्षभर कानात आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ही म्हणाली, "बरं झालं. आठवड्यातले चार दिवस तरी घरातल्या वस्तू सुखाने नांदतील."

निवृत्त झाल्यापासून मी मिक्सर दोनदा आणि दाराची बेल तीनदा उघडली हे खरं आहे. बेल आता वाजत नाही हेही खरं. पण मला बसवत नाही. बसलं की पाय हलतो, पाय थांबवला की बोटं टेबलावर वाजतात. ही म्हणते, तुमच्या शेजारी बसलं की आगगाडीत बसल्यासारखं वाटतं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

दहा मिनिटं हलकं. मग आठ मिनिटं जोर, चार मिनिटं हलकं, असं तीनदा. मग पुन्हा दहा मिनिटं हलकं. जोर म्हणजे दहापैकी सात. आठ नाही. मी नऊ लावला.

कोचबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काका, ताकद दाखवायला इथे कोण बघतंय? साठीनंतर स्नायू मेहनतीत वाढत नाहीत, मेहनतीनंतरच्या विश्रांतीत वाढतात. विश्रांती चुकवली की मेहनत वाया."

मास्तर सातला सांगितलं की सातच लावतात. स्क्रीनवर रेघ मारल्यासारखा आकडा, इकडे नाही की तिकडे नाही. मी विचारलं, "कंटाळा येत नाही का हो?" ते म्हणाले, "चाळीस वर्षं पाढे ऐकले. कंटाळ्याची भीती केव्हाच गेली."

माणूस बरा आहे. बायको चार वर्षांपूर्वी गेली, एकटेच असतात. वर्ग सुटल्यावर खालच्या टपरीवर आम्ही चहा पितो. त्यांना पेपरातली आकड्यांची कोडी सोडवायचा नाद आहे. पेनने सोडवतात, कधी खोडत नाहीत.

बुधवार, १९ नोव्हेंबर

हा आठवडा विश्रांतीचा. तरुणांना चौथ्या आठवड्यात देतात, आम्हाला तिसऱ्या. नुसतं अर्धा तास पाय फिरवायचे, तेही दोन दिवस. बाकीचे दिवस काय करू? आज इस्त्रीची वायर बदलली. ठीक होती, तरी बदलली.

सकाळी पल्स मोजला. गळ्यावर दोन बोटं ठेवायची, पंधरा सेकंद मोजायचं, चारने गुणायचं. चौसष्ट आला. खात्री म्हणून परत मोजला, अठ्ठ्याऐंशी. परत मोजला, बहात्तर. लिफ्टच्या दोरखंडांनी बोटं जाड झाली आहेत, नीट कळत नाही. कोचबाईंच्या वहीत साठ लिहिला. साठ हा चांगला आकडा आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

हॉलची किल्ली छापखान्याच्या वॉचमनकडे असते. त्याला म्हटलं, माझा टॉवेल वर राहिला. सायकल वरच ठेवलेली होती, तासभर मारून आलो. नऊचा जोर. कोणाला कळलं नाही.

घरी आल्यावर जरा गरगरलं. पोट रिकामं होतं.

सोमवार, १ डिसेंबर

माझा छातीचा पट्टा बिघडला आहे.

शुक्रवारी हलकं चाललं होतं, आणि पल्स एकदम एकशे सत्त्याऐंशी. दहा सेकंदांत परत एकशे वीस. मग एकशे साठ. माकडासारख्या उड्या. मी सेल बदलला. पट्टा ओला करून बांधला, कोरडा करून बांधला, उलटा बांधला. तेच.

आज मास्तरांना म्हटलं, जरा तुमचा मला द्या, माझा तुम्ही बांधा. यंत्राचा दोष शोधायची हीच रीत आहे, भाग बदलून बघायचा. माझा पट्टा मास्तरांच्या छातीवर शहाण्यासारखा चालला. एकशे आठ, एकशे नऊ, एकशे आठ. मास्तरांचा पट्टा माझ्या छातीवर गेला आणि उड्या मारायला लागला.

म्हणजे दोन्ही पट्टे बिघडलेले आहेत, आणि मास्तरांवर लागू पडतात एवढंच. काही यंत्रांना काही माणसं चालत नाहीत. मी एक लिफ्ट बघितली आहे, फक्त मालक आत असला की अडकायची.

मास्तर दोन्ही स्क्रीनकडे बघत होते. मी म्हटलं, "काय म्हणतं तुमचं गणित?" ते म्हणाले, "तुम्ही एकदा डॉक्टरांकडे जाऊन या."

"पट्ट्यासाठी डॉक्टर?"

ते हसले नाहीत. मास्तरांना विनोद कळायला वेळ लागतो.

मंगळवार, ९ डिसेंबर

आज ही मला जिन्यात सापडली. म्हणजे मीच तिला सापडलो. दुसऱ्या मजल्यावर थांबलो होतो, आमचा तिसरा. तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "कठडा बघतोय. हलतोय." तिने कठडा हलवून पाहिला. हलत नव्हता. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे चालायला लागली. पूर्वी मी तिला पिशवी घेऊ द्यायचो नाही.

आज जोर लावायला मजा आली नाही. पाय आहेत, दम नाही. हवा कोंदट होती.

जुनी गोष्ट आठवली. एका इमारतीत लिफ्टचा धोक्याचा दिवा सारखा लागायचा. वॉचमनला वैताग आला, त्याने बल्बच काढून टाकला. महिन्याने ब्रेक गेला. कोणी आत नव्हतं म्हणून बरं. मी त्या वॉचमनला काय झापलं होतं! म्हटलं, गाढवा, दिवा बिघडला नव्हता, लिफ्ट बिघडली होती. मास्तरांना सांगितलं, तर ते कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. गोष्टीत विनोद नाहीच, त्यांचं तरी काय चुकलं.

शनिवार, १३ डिसेंबर

आज चाचणी होती. वीस मिनिटं, जेवढा जोर टिकवता येईल तेवढा. त्यावर पुढच्या दहा आठवड्यांचे आकडे ठरणार. मी ठरवलं होतं, कोणाच्या मागे राहायचं नाही.

पंधराव्या मिनिटाला स्क्रीनवर एकशे चौऱ्याण्णव. मी पट्टा काढून खिशात टाकला. सतराव्या मिनिटाला समोरची भिंत थोडी जवळ आली. वीस पूर्ण केली. सगळ्यांत जास्त वॅट माझे. कोचबाईंनी टाळ्या वाजवल्या, पट्टा काढला तेव्हा त्या दुसऱ्या रांगेत होत्या.

मग खाली चहा. माझ्या उजव्या हातातून कप सुटला. सुटला म्हणजे हाताला कप आहे हेच कळलं नाही. मास्तरांना म्हणायचं होतं, फडकं द्या. तर फडकं हा शब्दच येईना. डोळ्यांसमोर फडकं दिसतंय, आणि शब्द नाही. तोंडातून काहीतरी निघालं, ते शब्द नव्हते. मास्तर उठून उभे राहिले. एक-दोन मिनिटं असं झालं असेल. मग सगळं पहिल्यासारखं. घरी येताना रस्ताभर म्हणत आलो, फडकं, फडकं, फडकं. एकदाही अडकलं नाही. वीस मिनिटं जीव काढल्यावर असं होणारच.

मास्तर लगेच दवाखान्यात चला म्हणून मागे लागले होते. मी म्हटलं, "काही नाही झालं. हे आपल्या दोघांत. कोचबाईंना कळलं तर घाट गेला. आणि हिला तर अजिबात नाही." ते काही बोलले नाहीत. मी ते 'हो' धरलं.

सोमवार, १५ डिसेंबर

आज लिहितोय ते रागाने.

सकाळी हॉलमध्ये गेलो तर माझ्या स्टँडवर टॉवेल टाकलेला. कोचबाई दारातच होत्या. "काका, आज सायकल चढवायची नाही."

"का?"

"शनिवारी चहाच्या वेळी काय झालं ते मला कळलंय. मी दवाखान्यात फोन केलाय, काकूंनाही केलाय. त्या येतायत."

सगळ्यांचे पाय थांबले होते. मास्तर सायकलवर बसलेही नव्हते, खिडकीपाशी उभे होते. मला पुढचं दिसेनासं झालं. मी त्यांना म्हटलं, "आयुष्यभर पोरांच्या चुका लाल पेनने गोल केल्यात. अजून खोड गेली नाही ना?" तिथे थांबायला हवं होतं. पण म्हणालो, "स्वतःच्या घरात कुणी नाही, म्हणून दुसऱ्याच्या घरात डोकावता!"

छापखानासुद्धा त्या क्षणी बंद होता की काय, कोण जाणे. मास्तरांनी आपला टॉवेल घडी केला, पिशवीत ठेवला आणि माझ्या बाजूने जिना उतरून गेले. 'बरं' एवढंच म्हणाले.

ही आली तेव्हा चपला दोन वेगवेगळ्या होत्या. टॅक्सीत मी हिला सांगितलं, त्या माणसाचं नाव घरात काढायचं नाही. ही खिडकीबाहेर बघत होती. "नाही काढत," म्हणाली.

गुरुवार, १८ डिसेंबर, दवाखाना

तीन दिवस खाटेवर. अंगाला वायरी चिकटवल्या आहेत, उठलं की यंत्र ओरडतं.

डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची आहे. तिने कागदाची पट्टी दाखवली. तिच्यावर ठोके, मध्ये कमी-जास्त अंतर. कुठे जवळ जवळ, कुठे लांब. वेड्याने मारलेल्या टाक्यांसारखे. "हे किती दिवस चाललंय?" मी म्हटलं, "पट्टा बिघडला होता." तिने पट्टी खाली ठेवली. मग समजावून सांगितलं. हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरतोय, नीट दाबला जात नाही. रक्त आत साचतं, त्याची गुठळी होते. एखादी लहानशी गुठळी निघाली आणि डोक्यात गेली. मेंदूच्या फोटोत एक बारीक ठिपका आहे. शनिवारचा.

"लहान होती म्हणून बोलताय," ती म्हणाली. "पुढची लहान असेलच असं नाही. तुम्हाला कोणी इथे पाठवलं?"

मी म्हटलं, "बायकोने आणलं."

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवडे त्या घ्यायच्या, मग विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणायचे. विजेचा झटका! मी आयुष्यभर तो चुकवत आलो.

फक्त एक गंमत. ही बाहेर बाकावर बसलेली असते. दुपारी आत येताना वाचून झालेला पेपर मला आणून देते. त्यातलं आकड्यांचं कोडं सोडवलेलं असतं, सगळं, पेनने. काल अवघड होतं तेही. बेचाळीस वर्षं संसार केला आणि हिला हे येतं हे मला माहीत नव्हतं. म्हटलं, "वा!" ती म्हणाली, "काय वा?" आणि सफरचंद कापायला लागली.

रविवार, २१ डिसेंबर

घरी आलो. माझी सायकल कोणीतरी हॉलमधून आणून ठेवली आहे, चाक परत बसवून. नट चांगले घट्ट केले आहेत. कोचबाईंनी पाठवली असेल.

फुकट गेले सगळे आठवडे. जिना चढायचा तर ही माझ्या मागे एक पायरी सोडून चढते. मी पडलो तर ही काय धरणार आहे, चाळीस किलोची बाई! तरी चढते.

बुधवार, ७ जानेवारी

काल झटका दिला. झोपेचं औषध दिल्यामुळे कळलं काहीच नाही, छातीवर फक्त दोन लाल चौकोन उठले आहेत. डॉक्टरीण म्हणाली, लागला सूर. टिकला पाहिजे.

संध्याकाळी घरी सोडलं. रात्री पडल्या पडल्या गळ्याला बोटं लावली. ठक, ठक, ठक. सगळे सारख्या अंतरावर. किती महिन्यांनी? खोटं कशाला लिहू, रडू आलं. ही जागी होती. तिने बोटं माझ्या बोटांशेजारी ठेवली आणि तीही मोजत राहिली.

शुक्रवार, १६ जानेवारी

चालायला परवानगी. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. मी छापखान्याच्या रस्त्याने जात नाही. आज चुकून गेलो. वरून ट्रेनरची घरघर ऐकू येत होती. मोजून सात आवाज असायला हवेत. माझ्या कानाला सहा आले. यंत्रांच्या बाबतीत माझा कान चुकत नाही.

शनिवार, २४ जानेवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी पेपर वाचत होतो. कोडं होतं. हिला म्हटलं, "घे, सोडव बरं माझ्यासमोर. बघू दे तरी कसं करतेस." ही कणीक मळत होती. म्हणाली, "मला कुठे येतंय ते?"

"म्हणजे? दवाखान्यात सोडवायचीस ना?"

तिने हात धुतले. पुसले. परत पुसले. मग समोर बसली.

"मास्तर सोडवायचे."

मी पेपर खाली ठेवला.

"तुम्ही नाव काढू नका म्हणालात म्हणून नाही काढलं. रोज सकाळी आठला यायचे आणि भेटायची वेळ संपेपर्यंत बाकावर बसायचे. मला म्हणायचे, वहिनी, तुम्ही जाऊन खाऊन या, मी आहे. पहिल्या दिवशी मला फॉर्म भरता येईना, सगळी अक्षरं नाचायला लागली. त्यांनी भरला. झटका दिला त्या दिवशीही होते. डॉक्टर बाहेर येऊन सगळं ठीक म्हणाल्या, तेव्हा उठले आणि गेले. सायकल पण त्यांनीच आणली. तीन मजले उचलून."

"आत का नाही आले?"

"मी म्हटलं होतं चला. ते म्हणाले, त्यांना रागावू देऊ नका, ठोका बिघडेल."

मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. ही कणीक मळायला परत गेली नाही.

रविवार, २५ जानेवारी

सकाळी मास्तरांकडे गेलो. रस्त्यात काय बोलायचं त्याची चार वाक्यं तयार केली होती. दार उघडलं तशी चारही पळाली.

एक खोली, स्वयंपाकघर. टेबलापाशी दोन खुर्च्या, एकीवर पेपरांची चळत. सायकल भिंतीला टेकवलेली, तिच्यावर चादर. म्हणजे आवाज सहाच होते, माझा कान बरोबर सांगत होता, वर्गाला जात नव्हते ते.

त्यांनी चळत उचलून खाली ठेवली. "बसा. जिना चढून आलात? थांबत थांबत ना?"

"हो. मास्तर, त्या दिवशी मी जे बोललो..."

"खोटं नव्हतं. घरात कोणी नाहीच."

"म्हणून बोलायचं नसतं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. चहा ठेवला. पाठमोरे असतानाच बोलायला लागले.

"तिलाही चक्कर यायची. चार-पाच वेळा आली. म्हणाली, कुणाला सांगू नका, उगाच बोभाटा नको, मुलं धावत येतील. मी नाही सांगितलं. लोक म्हणायचे, किती समजूतदार जोडपं आहे." चहा उतू गेला. त्यांनी गॅस बंद केला, तसेच उभे राहिले. "त्या शनिवारी तुम्ही म्हणालात, हे आपल्या दोघांत. मी घरी आलो आणि रविवारभर इथे बसून राहिलो. सांगू की नको. एक पूर्ण दिवस घालवला मी. त्या दिवसात काही झालं असतं तर?"

"काही झालं नाही."

"झालं असतं."

उठलो, फडकं घेतलं आणि ओटा पुसला. चहा अर्धा कप अर्धा कप उरला होता, तेवढा प्यालो. निघताना मी सायकलवरची चादर काढली आणि घडी करून त्यांच्या खाटेवर ठेवली. त्यांनी परत घातली नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. घाट नाही, जोर नाही. हॉलमध्ये, स्टँडवर, वीस मिनिटं, पल्स एकशे पाचच्या वर जाता कामा नये. शेजारी कोणीतरी हवं. "एकट्याने नाही. चोरून नाही," ती म्हणाली. चोरून हा शब्द तिला कोणी सांगितला? ही छताकडे बघत होती.

ज्याची दोन महिने वाट बघितली ते मिळालं, आणि आज हॉलच्या जिन्याशी जाऊन परत आलो. भीती वाटली. आधी मला भिंत जवळ आली तरी भीती वाटली नव्हती. आता सगळं ठीक आहे तर वाटते. कोचबाईंच्या वहीत मनःस्थितीच्या रकान्यात पहिल्यांदा खरं लिहिलं, 'घाबरलो'. जिन्याशीच वही त्यांच्या हातात दिली, त्यांनी वाचलं. खाली लिहिलं, 'उद्या फक्त सायकल चढवून ठेवा. बसू नका.'

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मंगळवारी चढवली. बुधवारी नुसता बसलो. आज सहा मिनिटं. पल्स ब्याण्णव. मास्तर शेजारी.

रविवार, २२ फेब्रुवारी

आज सगळे घाटात. पहाटे पाचला छापखान्यासमोर जमले, मी निरोप द्यायला गेलो. कोचबाईंच्या गाडीवर पाण्याची पिंपं आणि सुट्या ट्यूबा. वर्गातल्या बायकांपैकी एकीने सीट एक सूत वर करून मागितली, ती करून दिली. दिवे लुकलुकत वळणापर्यंत गेले, मग दिसेनासे झाले.

मास्तर गेले नाहीत. म्हणाले, "उताराची भीती वाटते हो आता." नवलच आहे. कोचबाई सांगतात, गेल्या वर्षी उतारावर सगळ्यांच्या पुढे तेच होते. वयाचा परिणाम, दुसरं काय.

आम्ही दोघं वर गेलो. रविवार, त्यामुळे छापखाना बंद. एवढ्या शांततेत तो हॉल मी कधी ऐकलाच नव्हता. सहा स्टँड रिकामे. मी खिडकी उघडली, सायकलवर बसलो. मास्तरांनी आपली सायकल इंचभर जवळ ओढली, माझी स्क्रीन दिसावी म्हणून, आणि तेही पेडल मारू लागले.

आतापर्यंत सोळा मिनिटांच्या पुढे गेलो नव्हतो. आज वीस करायची होती. दहा मिनिटं झाली, अठ्ठ्याण्णव. पंधरा झाली, एकशे एक. सतरा झाली, तेव्हा मला वाटलं बाकीचे आता चढाला लागले असतील, आणि पाय आपोआप जरा जोरात पडायला लागले. पाय माझे ऐकत नाहीत, जन्माची सवय. एकशे तीन. एकशे चार. एकोणिसावं मिनिट संपलं.

"एकशे सहा," मास्तर म्हणाले. "थांबा."

एकच मिनिट राहिलं होतं. छातीत काही होत नव्हतं, दम नीट चालला होता, पायांत अजून बरंच होतं. समोर घड्याळाचा काटा फिरत होता. मी मास्तरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, आकड्याकडे बघत होते, आणि त्यांचा हात हँडलवर पांढरा पडला होता.

पाय सोडले. थांबलो.

त्यांच्या स्क्रीनवर अठ्ठ्याऐंशी होते. त्यांना थांबायचं काहीच कारण नव्हतं. त्यांनीही पाय सोडले.